स्थूलतानिवारक शस्त्रक्रियोत्तर उपद्रव

अतिस्थूल व्यक्तीचे वजन कमी करण्यासाठी जठराची धारकता घटविणाऱ्या किंवा लहान आतड्याचा काही भाग अन्नमार्गातून वगळणाऱ्या शस्त्रक्रिया करतात. या शस्त्रक्रियांनंतर उद्भवणाऱ्या विकृतींना स्थूलतानिवारक शस्त्रक्रियोत्तर उपद्रव म्हणतात. त्यांपैकी काही पहिल्या काही तासांतच, तर काही दहा-वीस वर्षांनंतरही प्रकट होतात. त्यांचे मूळ बहुधा शस्त्रक्रियेने बदललेल्या शरीररचनेत असते व त्यांच्या उद्भवण्याचा काळही स्थूलमानाने ठरलेला असतो. त्यामुळे बहुतेक उपद्रव आधीच ओळखता येतात व पुष्कळसे टाळताही येतात. मात्र त्यांची पहिली लक्षणे ओकारी, पोटदुखी, थकवा, हातापायांना मुंग्या अशी नेहमीच्या आजारांसारखीच असतात. शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास माहीत नसलेल्या वैद्याकडून अथवा स्वतः रुग्णाकडून त्यांची उपेक्षा झाल्यास कायमचे अपंगत्व किंवा मृत्यूही ओढवू शकतो.

इतिहास : अमेरिकेतील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा बराच मोठा भाग वगळून त्याची दोन टोके जोडण्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. या पद्धतीने वजन झपाट्याने उतरे. पण सतत अतिसार, ऑक्झॅलेटाचे मूतखडे, सांधेदुखी व यकृत निकामी होणे असे गंभीर परिणाम दिसू लागल्याने ती पुढे सोडून देण्यात आली. अनेक रुग्णांत आतड्याची जोडणी पुन्हा पूर्ववत करावी लागली. आतड्याची रचना बदलली की, तिचे परिणाम आयुष्यभर भोगावे लागतात, हा धडा त्या अनुभवातून मिळाला. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांना असे आढळले होते की, पचनज व्रणासाठी (जठर अथवा ग्रहणीतील अम्लजन्य जखमेसाठी) जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा वाढत नाही. या निरीक्षणावरून त्यांनी व चिकाशी ईटो यांनी १९६६ च्या सुमारास जठर-उपमार्ग शस्त्रक्रिया (गॅस्ट्रिक बायपास) सुरू केली. तीच शस्त्रक्रिया उदरदर्शकाच्या (पोटात लहान छिद्रांतून घालावयाच्या दुर्बिणीच्या) साहाय्याने करण्याची पद्धत विटग्रोव्ह व क्लार्क यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर जखमेचे व फुप्फुसांचे उपद्रव पुष्कळच कमी झाले.

अमेरिकेत १९९१ मध्ये भरलेल्या मतैक्य परिषदेने देहभार निर्देशांक (किग्रॅ. मधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ पेक्षा अधिक असून गंभीर सहव्याधी असल्यास शस्त्रक्रिया करावी, असा निकष सांगितला. २०२२ मध्ये अमेरिकी व आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी हे निकष शिथिल केले. आशियाई लोकांत कमी निर्देशांकालाही मधुमेहादी विकार होत असल्याने त्यांच्यासाठी २७·५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे त्या वेळी सुचविण्यात आले.

शस्त्रक्रियेने होणारे बदल : सध्या मुख्यतः दोन शस्त्रक्रिया प्रचारात आहेत. (१) नलिकाकार जठरच्छेदन (स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी) : हिच्यात जठराचा सु. ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. काढलेला भाग परत बसविता येत नाही. (२) जठर-उपमार्ग : हिच्यात जठराच्या वरच्या टोकाशी सु. ३० मिलि. धारकतेची पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला थेट जोडतात. उरलेले जठर व ग्रहणी (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) शरीरात राहतात. पण अन्न त्यांतून जात नाही. एकच जोड असलेला उपमार्ग हा या शस्त्रक्रियेचा एक प्रकार भारतातही केला जातो.

दोहोंमुळे भूक व तृप्ती यांचे नियंत्रण करणाऱ्या हॉर्मोनांच्या स्रवणात बदल होतो. मधुमेहावरील सुपरिणाम वजन फारसे उतरण्याआधीच दिसू लागण्याचे हे एक कारण होय. याच बदलांतून उपद्रवही संभवतात. जठरातील अम्ल घटल्याने लोहाचे शोषण कमी होते. ग्रहणी वगळल्याने लोह व कॅल्शियम यांच्या शोषणाची मुख्य जागा टळते. जठराच्या अस्तरातून स्रवणाऱ्या आंतरिक घटकाच्या अभावी ब१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही. आणि जठराचे निर्गमद्वार टळल्याने अन्न एकदम आतड्यात उतरते.

आरंभीचे उपद्रव : पहिल्या ३० दिवसांतील मुख्य उपद्रव म्हणजे टाक्यांच्या रेषेतून अथवा जोडातून होणारी गळती, रक्तस्राव व शिरांतील रक्ताच्या गुठळ्या हे होत. अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील ४,७७६ रुग्णांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३० दिवसांतील मृत्युप्रमाण ०·३ टक्के आढळले. जोखीम थोडी असली, तरी ती कोणत्या चिन्हांनी प्रकट होते, हे माहीत असणे अत्यावश्यक आहे.

गळतीमुळे जठररस पर्युदरगुहेत (पोटातील इंद्रियांभोवतालच्या पोकळीत) पसरून पर्युदरशोथ होतो. अतिस्थूल व्यक्तीचे पोट तपासताना त्याचा ताठरपणा हाताला जाणवेलच असे नाही. म्हणून नाडी हे सर्वांत विश्वसनीय चिन्ह मानतात. विश्रांतीत असताना नाडी मिनिटाला १२० च्या वर टिकून राहिली व तिच्या जोडीला ताप, श्वासाचा वेग किंवा डाव्या खांद्यात वेदना असेल, तर गळती आहे असे समजून तपासणी करावी लागते. क्ष-किरण अथवा संगणकीय छेदचित्रणात (सीटी स्कॅनमध्ये) काही न दिसल्यास आणि संशय कायम असल्यास उदरदर्शकाने पोट पुन्हा तपासणे योग्य ठरते. नलिकाकार जठरच्छेदनातील गळती रुग्ण घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही होऊ शकते.

पायाच्या शिरेत झालेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकणे (फुप्फुस-अंतर्कीलन) हे या काळातील मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशीच चालावयास लावणे, पायांवर दाबपट्ट्या बांधणे व रक्त-क्लथनरोधी औषधे देणे, हे प्रतिबंधक उपाय होत.

वमन व थायामीन-न्यूनता : लहान झालेल्या जठरात घाईने अथवा अधिक खाल्ल्यास ओकारी होते. अशी प्रासंगिक ओकारी धोक्याची नसते. परंतु दिवसातून अनेक वेळा होणारी व आठवडाभर टिकणारी ओकारी हा गंभीर प्रसंग समजावा. शरीरातील थायामिनाचा (ब१ जीवनसत्त्वाचा) साठा सु. २५ ते ३० मिग्रॅ. असतो व पुरवठा थांबल्यास तो दोन ते तीन आठवड्यांत संपतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ही न्यूनता विशेष आढळते.

तिचे शुष्क रूप म्हणजे पायांची बधिरता व दुर्बलता [⟶ बेरीबेरी]. अधिक भयानक रूप म्हणजे व्हेर्निके मस्तिष्कविकृती. तिच्यात डोळ्यांच्या हालचाली बिघडून एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे व मनाचा गोंधळ ही तीन लक्षणे सांगितली जातात. मात्र तिन्ही एकत्र दिसतातच असे नाही. उपचारास विलंब झाल्यास स्मृतिनाश कायमचा राहतो.

याबाबत एक व्यावहारिक धोका आहे. अशक्तपणा व ओकाऱ्या यांवर ग्लुकोजयुक्त ‘सलाईन’ लावण्याचा प्रघात आपल्याकडे सर्वत्र आहे. ग्लुकोजाच्या चयापचयासाठी थायामीन लागते. ते अगोदरच संपत आलेल्या रुग्णाला केवळ ग्लुकोज दिल्यास उरलासुरला साठाही खर्च होऊन मेंदूची विकृती काही तासांत उफाळू शकते. म्हणून अशा रुग्णास ग्लुकोजापूर्वी अथवा निदान त्याच्याबरोबर थायामीन शिरेवाटे मोठ्या मात्रेत देतात. रक्ततपासणीच्या निकालाची वाट पाहत नाहीत. कारण हे औषध सुरक्षित व स्वस्त असून विलंबाची हानी मात्र भरून न येणारी असते. त्यानंतर ओकारीचे मूळ कारण शोधावे लागते.

पचनमार्गाचे उत्तरकालीन उपद्रव : जोड आकुंचित झाल्यास प्रथम घन व नंतर द्रव पदार्थही उतरेनासे होतात. हा उपद्रव बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो. अंतर्दर्शकातून फुगा घालून जोड रुंद करता येतो.

जोडालगतच्या आतड्याला अम्लाची सवय नसल्याने तेथे व्रण होतो. धूम्रपान, हेलिकोबॅक्टर पायलोरी या सूक्ष्मजंतूचा संसर्ग व ॲस्पिरीन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके ही त्याची मुख्य कारणे आहेत. गुडघेदुखी वा डोकेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या अशा रुग्णास रक्तस्राव किंवा व्रणाला छिद्र पडण्यापर्यंत नेऊ शकतात. उपमार्ग शस्त्रक्रियेनंतर ही वेदनाशामके आयुष्यभर टाळणे आणि वेदनेसाठी पॅरासिटामॉल वापरणे इष्ट असते.

अंतर्गत अंतर्गळ हा उपमार्ग शस्त्रक्रियेचा सर्वांत फसवा उपद्रव होय. आतड्याची नवी मांडणी करताना आंत्रबंधात (आतड्यास पाठीच्या भिंतीशी जोडणाऱ्या पटलात) फटी निर्माण होतात. त्यांपैकी एक पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाते. वजन उतरताना पोटातील वसाही घटून या फटी रुंदावतात व काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आतड्याचे वेटोळे त्यांत शिरून पिळले जाते. जेवणानंतर पोटात अधूनमधून कळ येणे एवढेच लक्षण प्रथम असते. ओकारी होईलच असे नाही. दोन कळांमधील काळात पोट मऊ व तपासण्या निर्दोष असू शकतात. वेदना पित्ताची किंवा वाताची समजून रुग्णाला घरी धाडले जाते आणि पुढे रक्तपुरवठा तुटून आतड्याचा मोठा भाग मृत होतो. शस्त्रक्रियेच्या वेळीच फटी टाक्यांनी बंद केल्यास हा धोका घटतो. वारंवार कळा येणाऱ्या रुग्णाचे, विशेषतः गर्भवती स्त्रीचे, पोट उदरदर्शकाने तपासण्यास विलंब करू नये.

वजन वेगाने उतरताना पित्तात कोलेस्टेरॉलाचे प्रमाण वाढते. प्रतिबंधक औषध न दिल्यास उपमार्गानंतरच्या सहा महिन्यांत सु. एकतृतीयांश रुग्णांत पित्तखडे होतात. त्यासाठी पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अम्ल देतात. नलिकाकार जठरच्छेदनानंतर अम्लप्रतिवाह (जठरातील अम्ल घशाकडे येणे) उद्भवू किंवा वाढू शकतो. तो दीर्घकाळ राहिल्यास अन्ननलिकेच्या अस्तरात कर्कपूर्व बदल संभवतात. म्हणून अशा रुग्णांची काही वर्षांच्या अंतराने अंतर्दर्शकाने तपासणी करतात.

त्वरित जठर-रिक्तता : साखरयुक्त अन्न एकदम आतड्यात उतरल्यास त्यातील संहत विद्राव रक्तातील पाणी आतड्यात ओढतो. त्यामुळे जेवणानंतर १० ते ३० मिनिटांत पोटात कळ, अतिसार, घाम, छातीत धडधड व ग्लानी येते. याला डंपिंग म्हणतात. जेवणानंतर १ ते ३ तासांनी येणारा प्रकार वेगळा असतो. त्यात इन्शुलीन अतिरिक्त प्रमाणात स्रवून रक्तातील ग्लुकोज घसरते. थरथर, घाम, अंधारी व क्वचित बेशुद्धी येते. हा प्रकार शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटल्यावर विशेष आढळतो. अशा वेळी ग्लुकोज देऊन तात्पुरता आराम पडला, तरी वारंवार साखर खाणे हा उपाय नव्हे. कारण प्रत्येक गोड घास पुढच्या घसरणीस कारण होतो. थोडे थोडे खाणे, प्रथिने व तंतुमय पदार्थ वाढविणे आणि जेवताना पाणी न पिणे यांनी बहुतेकांना आराम पडतो. काहींना ॲकार्बोज हे औषध द्यावे लागते.

पोषणन्यूनता : ही न्यूनता संथपणे वाढते. लोहन्यूनताजन्य रक्तक्षय सर्वांत सामान्य असून मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांत तो अधिक असतो. अशा स्त्रियांना दररोज ४५ ते ६० मिग्रॅ. मूलद्रव्यरूप लोह सुचवितात. चहा व कॅल्शियम लोहशोषणास अडथळा आणतात, म्हणून लोहाची गोळी त्यांच्यापासून निदान दोन तासांच्या अंतराने घेतात. तोंडावाटे घेतलेले लोह पुरेसे न शोषल्यास ते शिरेवाटे देतात.

ब१२ जीवनसत्त्वाचा यकृतातील साठा निरोगी व्यक्तीस काही वर्षे पुरतो. भारतातील अनेक शाकाहारी व्यक्तींत मात्र तो मुळातच तुटपुंजा असल्याने न्यूनता लवकर प्रकट होते. तिच्यात रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, तोल जाणे व विस्मृती ही लक्षणे आढळतात. केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारतो. पण तंत्रिकांची हानी चालूच राहते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच ब१२ ची पातळी तपासून ती सुधारणे आवश्यक असते. नंतर दररोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम तोंडावाटे किंवा दरमहा १,००० मायक्रोग्रॅम अंतःक्षेपणाने (इंजेक्शनने) देतात. ब१२ देऊनही चालण्यातील दोष वाढत असल्यास तांब्याच्या न्यूनतेचा विचार करावा लागतो. तिची लक्षणे अगदी तशीच असतात.

कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या अभावी परावटू ग्रंथी उत्तेजित होऊन हाडांतील कॅल्शियम काढून घेतले जाते व हाडे ठिसूळ होतात. रक्तातील कॅल्शियम प्रमाणात असले, म्हणजे हाडे सुरक्षित आहेत असे नव्हे. ते हाडांच्या झिजेतूनच राखलेले असू शकते. दररोज १,२०० ते १,५०० मिग्रॅ. कॅल्शियम विभागून देतात. सायट्रेट लवणास शोषणासाठी अम्ल लागत नसल्याने ते अधिक योग्य ठरते.

प्रथिने दररोज किमान ६० ग्रॅ. मिळावी लागतात. भात, पोळी व भाजी यांवर भर असलेल्या आहारात लहान जठर पिष्टानेच भरते. म्हणून जेवणाचा आरंभ दाट वरण, उसळ, पनीर, दही, अंडी वा मासे यांनी करणे इष्ट असते. शस्त्रक्रियेनंतर ३ ते ६ महिन्यांनी केस गळतात. पोषण नीट असल्यास ते पुन्हा येतात. सूज, स्नायूंची झीज व दीर्घकाळ चालू राहणारी केसगळती मात्र प्रथिनन्यूनता दर्शविते.

अन्य परिणाम : न शोषलेली वसा आतड्यातील कॅल्शियम अडकवून ठेवते. त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झॅलेट रक्तात शोषले जाऊन मूतखडे बनतात. भरपूर पाणी पिणे, जेवणाबरोबर कॅल्शियम घेणे व पालक, अळू यांसारख्या भाज्या मर्यादित ठेवणे हे उपाय होत. उपमार्गानंतर मद्य वेगाने शोषले जाऊन रक्तातील त्याची पातळी अधिक चढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७·६ टक्के, तर नंतरच्या दुसऱ्या वर्षी ९·६ टक्के आढळले. काही रुग्णांत विषण्णता व आत्मघाताचे विचार बळावतात. वजन उतरले, की सर्व अडचणी संपतील ही अपेक्षा, लोंबणारी त्वचा, समारंभात चारचौघांसारखे जेवता न येणे व काही वर्षांनी थोडे वजन परत वाढणे यांचा मनावर ताण येतो. मनोविकारतज्ञाचा सल्ला हा म्हणूनच चिकित्सेचा भाग समजतात. वजन परत वाढण्यास शारीरिक कारणेही असतात. रुग्णास दोष दिल्याने तो तपासणीस येण्याचे टाळतो व इतर उपद्रवही लपून राहतात.

औषधे व गर्भारपण : मधुमेह व रक्तदाब यांवरील औषधांच्या मात्रा पहिल्या दिवसांपासूनच कमी कराव्या लागतात, पूर्वीच्याच मात्रा चालू ठेवल्यास ग्लुकोज किंवा रक्तदाब धोकादायकपणे घसरतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या उपमार्गानंतर पुरेशा शोषल्या जात नाहीत. गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबणीवर टाकावी. वजन उतरल्यावर जननक्षमता वाढते, तर तोंडावाटे घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा उपमार्गानंतर कमी होतो. म्हणून अन्य साधन वापरावे लागते. गर्भारपणातील मधुमेह ओळखण्यासाठी ग्लुकोज पिण्यास देण्याची चाचणी डंपिंगमुळे त्रासदायक ठरते. तिच्याऐवजी काही दिवस घरीच रक्तातील ग्लुकोज मोजतात.

प्रतिबंध व देखरेख : अन्न सावकाश चावून खाणे, जेवणानंतर अर्ध्या तासाने पाणी पिणे व दिवसभरात सु. दीड ते दोन लिटर द्रव घोटाघोटाने घेणे, हे नियम कायम पाळावयाचे असतात. पहिल्या वर्षात निर्जळी उपवास टाळावेत. साबुदाणा व बटाटा यांवरील उपवासही प्रथिनांच्या दृष्टीने निकृष्ट असतो. धार्मिक व्रत करावयाचे असल्यास दूध, ताक व शेंगदाणे यांचा समावेश करावा. पहिल्या वर्षी १, ३, ६ व १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी हीमोग्लोबिन, फेरिटिन, ब१२, फॉलिक अम्ल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, परावटू हॉर्मोन, अल्ब्युमीन, ग्लुकोज तसेच यकृत व वृक्क यांची कार्ये तपासतात. हाडांची घनता दोन वर्षांनी मोजतात. बरे वाटते म्हणून तपासणी व पूरक गोळ्या बंद करणे हे उत्तरकालीन न्यूनतेचे सर्वांत सामान्य कारण आहे.

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात आणि नंतरचे वास्तव्य दूरच्या गावी, अशी स्थिती महाराष्ट्रात नेहमीची आहे. म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकार, दिनांक, वर्ज्य औषधे व ‘ओकारी असल्यास ग्लुकोजापूर्वी थायामीन’ ही सूचना लिहिलेले कार्ड रुग्णाने सतत जवळ बाळगावे व कोणत्याही आजारात ते प्रथम दाखवावे. दोन दिवसांहून अधिक काळ टिकणारी ओकारी, वारंवार येणारी किंवा तीव्र पोटदुखी, नाडीचा वेग, धाप, काळी शौचास, एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोल जाणे व बेशुद्धी यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीत शस्त्रक्रिया केलेल्या गटातील मृत्युप्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गटापेक्षा कमी असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हा लाभ टिकून राहण्यासाठी शस्त्रक्रियेइतकेच तिच्यानंतरच्या आजन्म देखरेखीला महत्त्व आहे. [⟶ मधुमेह; स्थूलता].